वाट पाहण्याचें माप

नाशिकरोड स्थानकावर तिकिटाच्या खिडकीमागें बसलेल्या कारकुनास एका तिकिटाला किती वेळ लागतो असें विचारलें, तर तो 'एक मिनिट' असें सांगेल, आणि तें खरेंच असेल. रांगेच्या शेवटीं उभ्या असलेल्या गृहस्थास हाच प्रश्न केला, तर तो 'अर्धा तास' म्हणेल. तेंही खोटें नव्हे. दोघांचीं घड्याळें बरोबर चालतात. मात्र तीं निरनिराळ्या क्षणीं सुरू झालेलीं असतात.

घरबसल्या संगणकावर तिकीट काढण्याची सोय रेल्वेनें २००२ सालीं सुरू केली. आतां तें काम मोबाइलवरही होतें. रांग डोळ्यांआड झाली, नाहींशी झाली नाहीं. सकाळीं १० वाजतां वातानुकूलित वर्गांची व ११ वाजतां इतर वर्गांची तत्काळ नोंदणी उघडते. त्या घटकेस चार-पांच सेकंदांचा विलंबही एकाद्याची जागा घालवूं शकतो. म्हणून संकेतस्थळ किती वेळांत उत्तर देतें, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा राहत नाहीं.

हा वेळ जातो कोठें? बोट टेकवल्यावर प्रथम संकेतस्थळाचा पत्ता शोधला जातो. मग तेथील यंत्राशीं, म्हणजे सर्व्हरशीं, जोडणी होते. संभाषण गुप्त राखण्याची व्यवस्था लागते. नंतर मागणी जाते, उत्तर येतें, आणि शेवटीं पान पडद्यावर उमटतें. काचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें २ लक्ष किलोमीटर धावतो. सर्व्हर १२ हजार किलोमीटरांवर असेल, तर जाण्यायेण्याच्या एका हेलपाट्यास निदान ०.१२ सेकंद लागणारच. आणि पहिलें अक्षर दिसण्यापूर्वीं असे तीन-चार हेलपाटे घडतात. सर्व्हरचें घड्याळ यांपैकीं फक्त स्वतःच्या कामाचा वेळ मोजतें. तें खिडकीमागचें घड्याळ होय.

रांगेंतल्या माणसाचें घड्याळ त्याच्या हातांतील ब्राउझरमध्यें आहे. प्रत्येक टप्प्यास किती वेळ लागला हें ब्राउझरनें कसें नोंदवावें, याचा जागतिक दंडक २०१२ सालीं ठरला. किती विलंब सह्य, याचाही अभ्यास झालेला आहे. याकोब नीलसन यांनीं १९९३ सालीं तीन मर्यादा मांडल्या: ०.१ सेकंदांत उत्तर आलें तर तें तत्क्षणीं आल्यासारखें वाटतें. १ सेकंदापर्यंत विचारांची ओळ तुटत नाहीं. १० सेकंदांनंतर लक्ष उडतें. गूगलनें २०२० सालीं असा निकष ठरविला कीं, पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, आणि तोही शंभरांपैकीं निदान ७५ भेटींत.

येथें सरासरी कां घेतली नाहीं? समजा, नऊ जणांस १ सेकंदांत उत्तर मिळालें व दहाव्यास २१ सेकंद लागले. सरासरी ३ सेकंद येते. पण ३ सेकंद तर कोणीच थांबला नव्हता! दहाव्याचें दुःख नऊ जणांत वाटून नाहींसें झालें.

याहून मोठा चकवा यूट्यूबमध्यें काम केलेले अभियंते ख्रिस झकारायस यांनीं २०१२ सालीं सांगितला. त्यांनीं तेथील पानाचें वजन १.२ मेगाबाइटवरून ९८ किलोबाइटवर आणलें. पण सरासरी वेळ उलट वाढला! शोध घेतां असें आढळलें कीं, आग्नेय आशिया, आफ्रिका, सैबेरिया अशा दूरच्या प्रदेशांतील लोक नव्यानें येऊं लागले होते. जुनें पान उघडण्यास त्यांना वीस मिनिटांहून अधिक वेळ लागला असता, म्हणून ते येतच नव्हते. आतां दोन मिनिटांत काम होऊं लागलें. जे कंटाळून परत गेले होते, त्यांची नोंद पूर्वींच्या मापांत नव्हतीच.

म्हणून नाशिकच्या कॉलेजरोडवर पान झटकन उघडलें, एवढ्यानें परीक्षा पुरी होत नाहीं. सुरगाण्याच्या डोंगराळ भागांत, जुन्या मोबाइलवर, क्षीण लहरींच्या आधारें तेंच पान उघडणाऱ्या माणसाचें घड्याळही पाहिलें पाहिजे. रांगेची लांबी खिडकींतून कळत नाहीं; ती शेवटच्या माणसापाशीं जाऊनच मोजावी लागते.