बदलापूरचा समुद्र कोणत्या दिशेला?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातल्या घरांत समुद्रावर जायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "म्हणजे आधी मुंबईला जावं लागेल." मग पहाटेची फास्ट लोकल, सीएसएमटीवरून टॅक्सीने गेटवे, तिथे लाँचची रांग. बदलापूर स्थानक सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर, अंबरनाथ ६० किलोमीटरवर. समुद्राचं तोंड दिसायच्या आत मुलं थकलेली असतात आणि डब्यातले पराठे संपलेले असतात.

एकदा नकाशा उघडा आणि बदलापूरवर बोट ठेवून ते खाली, दक्षिणेकडे सरकवा. पनवेल, पेण आणि मग जरा पश्चिमेला अलिबाग. मुंबई वाटेत येतच नाही. काटई, तळोजा, पनवेल, पेण, वडखळ असं गेलं की अलिबाग शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. आपली गाडी नसेल तर पनवेलच्या एसटी स्थानकातून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या गाड्या मिळतात. बदलापूरकरांना तर आणखी एक वाट आहे, जी डोंबिवली-ठाण्याच्या लोकांना सुचणारही नाही: कर्जतवरून खोपोली. तिथून पेणला उतरता येतं. दिवेआगर-श्रीवर्धनला जायचं असेल तर खोपोलीहून पालीमार्गे वाकणला निघायचं; बल्लाळेश्वराचं दर्शनही होतं. उत्तरेकडे जायचं तर दिवा-वसई मार्गावरची गाडी आहे. वसई, अर्नाळा, केळवे हे किनारे त्या बाजूचे. जवळचा समुद्र मुंबईचाच, हा समज आपल्याला लोकलने लावला आहे. आपलं रोजचं जाणंयेणं एकाच रुळावरचं, म्हणून सुट्टीतही पाय तिकडेच वळतात.

कोकण रेल्वेबद्दलचा समज मात्र थेट खिशाला लागतो. गाडीत बसलं की खिडकीतून समुद्र दिसेल आणि स्टेशनातून बाहेर पडलं की वाळू लागेल, असं धरून दिव्याहून सावंतवाडीच्या गाडीत बसणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. रोह्यापासून पुढे जाणारी आणि २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागलेली ही रेल्वे किनाऱ्यापासून बरीच आत, डोंगर कापत जाते. मालवणला जायचं तर कुडाळला उतरून पुढे तीसेक किलोमीटर, गुहागरला जायचं तर चिपळूणहून चाळीसहून अधिक. चार माणसांचा रिक्षाखर्च आधी धरला तर वाटेत भांडण होत नाही.

आणि बुकिंग करण्याआधी गावाचं नाव दोनदा वाचा. मुरूड दोन आहेत: जंजिऱ्याचं मुरूड रायगडात, तर महर्षी कर्व्यांचं मुरूड दापोली तालुक्यात. नागावही दोन, एक अलिबागजवळचं आणि दुसरं उरणचं. चुकीच्या मुरूडला खोली घेतली की अख्खा दिवस रस्त्यात जातो.

आता वाळूबद्दल. "अलिबागची वाळू काळी, म्हणजे घाण. गोव्यासारखी पांढरी हवी." हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता अलिबागला जाताना पिशवीत एक लोहचुंबक ठेवतो. उल्हासनगरच्या बाजारातून आणलेल्या जुन्या स्पीकरचं आहे, वाटीच्या बुडाएवढं. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायचं आणि कोरड्या वाळूवरून फिरवायचं. वर उचललं की पिशवीला काळ्या कणांची दाढी फुटलेली असते. चुंबक बाहेर काढलं की कण खाली पडतात आणि तळहातावर लोखंडाच्या भुग्यासारखे चमकतात. मुलं मग तासभर पाण्याकडे पाहतही नाहीत.

हे कण म्हणजे मॅग्नेटाइट, त्याच्या जोडीला इल्मेनाइट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून सह्याद्रीचा बसाल्ट तयार झाला. माथेरान त्याच दगडाचं, मलंगगड त्याच दगडाचा, आणि १०६० सालचं अंबरनाथचं शिवमंदिरही त्याच काळ्या दगडात कोरलेलं. पावसाने तो झिजतो, नद्या त्याचा चुरा समुद्राकडे नेतात आणि लाटा हलकं वाहून नेऊन जड कण किनाऱ्यावर ठेवतात. मालवणच्या पुढे जमिनीखालचा खडकच बदलतो. तिथे बसाल्टऐवजी त्याहून कितीतरी जुने, गारगोटीने भरलेले खडक आहेत, म्हणून तारकर्लीची वाळू पांढरी. नियम सरसकट नाही. रायगडात असूनही काशीदची वाळू फिकट आहे. पण रंगाचा स्वच्छतेशी संबंध नाही, एवढं मुलांना चुंबक हातात देऊन दाखवता येतं.

पाण्याच्या रंगाचंही तसंच. अलिबागचं पाणी गढूळ आणि मालवणचं निळं, यामागे मोठा हात भरती-ओहोटीचा आहे. मोठ्या उधाणाला मुंबई-अलिबागकडे पाण्याच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मा. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर झालं की खाड्यांतला गाळ खाली बसायला वेळच मिळत नाही. अर्थात निळं पाणी म्हणजे स्वच्छ पाणी, असंही नाही. सांडपाणी मिसळलेलं पाणीही नितळ दिसू शकतं. स्वच्छतेची खात्री हवी असेल तर तपासणी झालेला किनारा निवडावा. २०२५ साली महाराष्ट्रातल्या पाच किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळालं: अलिबागजवळचं नागाव, श्रीवर्धन, गुहागर, दापोलीजवळचं लाडघर आणि डहाणूचा पारनाका. पाण्याचा दर्जा, सुरक्षितता, सोयी अशा ३३ निकषांवर हे मानांकन दिलं जातं. नागाव आपल्यापासून सर्वांत सोयीचं.

पण कोणता किनारा, यापेक्षा कोणत्या दिवशी, हा प्रश्न मला मोठा वाटतो. आणि तो विचारणारे फार थोडे.

आपण शनिवार-रविवार पाहतो, समुद्र तिथी पाहतो. अलिबागच्या एका म्हाताऱ्या कोळी आजोबांनी मला बोटांच्या पेरांवर हिशेब शिकवला होता: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला, सकाळी आणि संध्याकाळी. त्यातून सहा तास पुढे ओहोटी. पौर्णिमेला भरती सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. रोज ती पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे पाण्यात उतरण्याआधी मोबाइलवर त्या गावचं भरतीचं कोष्टक पाहावंच. पण सहलीचा दिवस ठरवायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

आता कुलाबा किल्ल्याचं घ्या. अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीला तिथे चालत जाता येतं, घोडागाडीही जाते. पौर्णिमेला सुट्टी जोडून आलेला माणूस दुपारी बाराला किनाऱ्यावर पोहोचतो आणि किल्ल्याभोवती भरलेलं पाणी पाहून परत फिरतो. "मग अष्टमीला बाराला ओहोटी, तेव्हा जाऊ." इथे दुसरी मेख आहे. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी फार चढत नाही, तसं फार उतरतही नाही, आणि वाट ओलीच राहू शकते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची तृतीया-चतुर्थी उत्तम. चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी साडेआठ-नऊला खडखडीत ओहोटी. सातच्या सुमारास अलिबाग गाठायचं, नाश्ता करायचा, किल्ल्यावर जायचं आणि पाणी वळायच्या आत परतायचं. किल्ल्यात रेंगाळलेली माणसं पाण्यात अडकतात, हे दरवर्षी घडतं. वाळूवर गाडी उतरवणाऱ्यांचं तर विचारूच नका. चाक रुततं आणि समुद्र कोणासाठी थांबत नाही.

"आम्हाला पोहता येतं." हा सर्वांत धोक्याचा गैरसमज, आणि तो आपल्या भागात अधिक आहे, कारण आपली मुलं उल्हासच्या डोहात, कोंडेश्वरच्या कुंडात पोहायला शिकतात. साचलेल्या पाण्यात शिकलेले हात समुद्राच्या ओढीपुढे पुरत नाहीत. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जातं ते सगळीकडून सारखं नाही. एखाद्या अरुंद पट्ट्यातून ते जोराने आत जातं. तो पट्टा ओळखायला शिका. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस होत असतो आणि मध्येच एक जागा गुळगुळीत, फेस नसलेली, जरा मळकट दिसते. नवख्या माणसाला तीच जागा शांत वाटते आणि तो मुलांना घेऊन नेमका तिथेच उतरतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दम जातो. अंग सैल सोडून तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे वळा. बाहेरच्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावं आणि ११२ लावावा.

पावसाळ्यातच समुद्र बुडवतो, हेही खरं नाही. जंजिऱ्याच्या मुरूडला पुण्याहून सहलीसाठी आलेले डझनभराहून अधिक विद्यार्थी बुडाले, तो दिवस १ फेब्रुवारी २०१६ होता. ढग नव्हते, वादळ नव्हतं. काशीद आणि गणपतीपुळे हे दोन्ही किनारे अतिशय देखणे, आणि दोन्हीकडे माणसं बुडाली आहेत. गणपतीपुळ्यात देवळासमोर पाटी आहे. ती वाचायची, आणि पाणी गुडघ्याच्या वर येऊ द्यायचं नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मी काशीदऐवजी नागाव निवडीन.

पावसाळ्यात कोकण हिरवं असतं म्हणून समुद्रही तेव्हाच पाहावा, असं वाटणं स्वाभाविक आहे. पाहावा, पण लांबून. गेटवे-मांडव्याच्या लाँच तेव्हा बंद असतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, म्हणून जुलैत ताटात आलेली सुरमई बहुधा बर्फातली. त्या दिवसांत खाडीची चिंबोरी, बोय, निवट्या मागाव्यात.

शेवटचा समज या सगळ्याच्या मुळाशी आहे: आपल्या गावांचा समुद्राशी संबंध नाही. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास बदलापूरवरून जाते. अंबरनाथच्या मंदिराला वळसा घालून उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी कल्याणजवळ तिला मिळते, आणि ते पाणी वसईच्या खाडीतून समुद्रात उतरतं. या दोन नद्यांच्या प्रदूषणाबद्दल वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली भरपाई भरण्याचा आदेश दिला होता. वालधुनीत टाकलेली पिशवी वसईच्या वाळूवर सापडली तर नवल नाही.

आणि समुद्रही आपल्याकडे येतो. उल्हासनगरच्या सिंधी घरांत झुलेलालची तसबीर पाहा. तो पल्ला माशावर बसलेला असतो, आणि पल्ला समुद्रातून सिंधू नदीत वर चढणारा मासा. आपल्या खाडीतही भरती कल्याणपर्यंत चढते. त्याच पाण्यावर, कल्याण हाती आल्यावर, शिवाजी महाराजांनी आपली जहाजं बांधायला घेतली. चतुर्थीच्या दुपारी दुर्गाडीच्या पुलावर अर्धा तास उभे राहा. सकाळी ठाण्याकडे वाहत गेलेला जलपर्णीचा पुंजका आधी थबकतो, जागीच गोल फिरतो आणि मग हळूहळू उलटा, बदलापूरच्या दिशेने सरकू लागतो.