कळसूबाईच्या शिडीवरचं काळीज

अकोले तालुक्यातल्या बारी गावातून कळसूबाई चढायला घेतली की सुरुवातीला माणूस गप्पा मारतो. मग बोलणं तुटक होतं. लोखंडी शिड्यांपाशी पोटऱ्या भरून येतात, आपण टेकतो. पाय थांबतात, छातीतली धडधड मात्र चालूच. राज्यातलं सर्वांत उंच, १,६४६ मीटरचं हे शिखर. इथे टेकलेल्या प्रत्येकाला पडावा असा प्रश्न: पायही स्नायू, हृदयही स्नायू, मग एक बसतो आणि दुसरा का बसत नाही?

(काळजात धस्स होतं ते हृदयात, मटणाच्या दुकानात मात्र काळीज मागितलं तर यकृत मिळतं. इथे विषय पहिल्या काळजाचा.)

सूक्ष्मदर्शकाखाली पोटरीचा स्नायू म्हणजे लांब, सरळ, आडव्या पट्ट्यांचे धागे. मज्जातंतूचा हुकूम आल्याशिवाय ते हलत नाहीत. हृदयाच्या पेशींवरही तशाच पट्ट्या, पण पेशी आखूड, फाटे फुटलेल्या आणि टोकाला एकमेकींत गुंतलेल्या. या सांध्यांवर पकड बोल्ट मारल्यासारखी पक्की असते, नाहीतर ठोक्यांच्या ओढीने पेशी सुट्या झाल्या असत्या. तिथेच अतिसूक्ष्म मार्गही असतात, ज्यांतून विजेचा संदेश थेट शेजारच्या पेशीत जातो. शिडीवर एकाने पाय टाकला की हादरा सगळ्यांच्या हाताला लागतो, तसंच हे. उजव्या कर्णिकेतला एक छोटा पेशीसमूह ठिणगी टाकतो. आधी वरचे दोन कप्पे आकसतात, क्षणभराने खालचे. ठोका मेंदूच्या हुकमावर अडून नाही; मेंदू फक्त वेग कमीजास्त करतो.

आकसल्यावर साधारण पाव सेकंद या पेशी नवा हुकूम मानत नाहीत. म्हणून पोटरीत गोळा येतो, हृदयात येत नाही. शिवाय पेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांनीच व्यापलेला. इंधन मुख्यतः चरबीचं. पण दमलेल्या पायांनी रक्तात सोडलेलं लॅक्टेटही हृदय जाळून वापरतं.

विश्रांती हृदयही घेतं, फक्त दोन ठोक्यांच्या मधे. त्याच्या डाव्या, दणकट भिंतीला रक्त मिळतं तेही बहुतांशी त्याच फटीत. चढावर नाडी दीडशेला गेली की ही फट आखडते. त्यातून हृदय रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन बसल्या जागीच काढून घेतं. वाढीव गरज भागवायची तर जास्त रक्तच हवं, आणि वाहिनी आतून अरुंद झालेली असेल तर ते यायचं कुठून? घरी बसून न कळलेलं दुखणं म्हणूनच चढावर उघडं पडतं.

आणि रक्ताअभावी मेलेली हृदयाची पेशी सहजी भरून येत नाही. अणुचाचण्यांतून हवेत पसरलेल्या कार्बनचा माग काढून स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९मध्ये दाखवलं, की पंचविशीतही वर्षाला जेमतेम एक टक्का पेशी नव्या होतात.

तेव्हा चढताना छातीवर दाब आला, तो हातात किंवा जबड्यात सरकला, तर पित्त समजून सोडा पिऊन पुढची शिडी धरू नका. तिथेच बसा, सोबत्याला सांगा, १०८ला फोन लावा.