तीनशे सहासष्टाव्या दिवशी अडकलेला लूप

३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचे झून नावाचे म्युझिक प्लेअर एकाएकी बंद पडले. सगळे नव्हे, ३० जीबीचं पहिलं मॉडेल तेवढं. प्लेअर सुरू व्हायला लागायचा आणि मध्येच अडून बसायचा. कंपनीने उपाय सांगितला: बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला ग्रीनिच वेळेनुसार दुपारी बारानंतर चार्जिंगला लावून पुन्हा सुरू करा. तसं केल्यावर प्लेअर खरोखरच चालू झाले. मधल्या काळात कोणी काहीही दुरुस्त केलं नव्हतं. फक्त तारीख बदलली होती.

दोष होता एका छोट्या फंक्शनमधल्या लूपमध्ये. प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्या प्रत्येकाने तो एकदा कागद-पेन्सिल घेऊन सोडवून पाहावा, इतका तो बोलका आहे.

प्लेअरमधलं घड्याळ १ जानेवारी १९८० पासूनचे दिवस मोजत असे. तो आकडा घेऊन साल सांगणं हे फंक्शनचं काम. त्यासाठी लूप असा: उरलेले दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर एकेका वर्षाचे दिवस वजा करायचे आणि साल एकाने वाढवायचं. साधं वर्ष असेल तर ३६५ वजा. लीप वर्ष असेल तर दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का ते आधी पाहायचं, आणि असले तरच ३६६ वजा करायचे.

आता ३१ डिसेंबर २००८ चा आकडा घेऊ. तो येतो १०,५९३. १९८० ते २००७ या २८ वर्षांचे १०,२२७ दिवस वजा झाले की उरतात ३६६, आणि साल असतं २००८. ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त आहेत? हो, म्हणजे लूप चालू. लीप वर्ष आहे? आहे. दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत? नाहीत. म्हणून काहीच वजा होत नाही, सालही हलत नाही आणि लूप पुन्हा पहिल्या प्रश्नावर येतो. तोच प्रश्न, तेच उत्तर, अखंड. दुसऱ्या दिवशी आकडा एकाने वाढला, ३६७ उरले, त्यातून ३६६ गेले आणि लूप सुटला.

हा प्लेअर बाजारात आला नोव्हेंबर २००६ मध्ये. त्यानंतर लीप वर्षाचा शेवटचा दिवस पहिल्यांदा उगवला तो हाच. दोन वर्षांच्या रोजच्या वापरात जे दिसलं नाही, ते एका ओळीच्या युनिट टेस्टने दाखवलं असतं: फंक्शनला ३६६ द्या, उत्तर १९८० यायला हवं. १९८० हेही लीप वर्षच असल्याने लूप तिथेच अडकला असता.

युनिट टेस्ट म्हणजे एवढंच. प्रोग्रॅमचा एक लहान तुकडा घ्यायचा, त्याला ठरावीक आकडा द्यायचा आणि आलेलं उत्तर आधी हाताने काढून ठेवलेल्या उत्तराशी ताडून पाहायचं. ताडून पाहण्याचं काम मात्र माणसाने नव्हे, दुसऱ्या छोट्या प्रोग्रॅमने करायचं, म्हणजे कोडमध्ये काहीही बदललं तरी सगळी तपासणी क्षणात पुन्हा होते.

आपल्याकडे नवशिक्यांना हे फार उशिरा शिकवलं जातं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये प्रोग्रॅम, त्याखाली एक आउटपुट, आणि सही. तो एक आकडा बरोबर आला म्हणजे प्रोग्रॅम बरोबर, ही समजूत पक्की होऊन बसते. खरं तर टेस्ट लूपच्या पहिल्याच धड्याला जोडून यायला हवी, कारण लूप बहुतेक वेळा चुकतो तो टोकाला.

दोनाचा पाढा घ्या. पायथॉनमध्ये रेंजला १ आणि १० दिले की मोजणी ९ वर थांबते. पाढा ‘बे नवे अठरा’वर संपतो आणि ‘बे दाहे वीस’ राहूनच जातं. पडद्यावर छापलेल्या ओळींवरून नजर फिरवणाऱ्याला ते चटकन लक्षात येत नाही. पण पाढ्याचं फंक्शन केलं, त्याने आकड्यांची यादी परत दिली आणि शेवटचा आकडा २० आहे का हे टेस्टने विचारलं, की चूक लपत नाही. पायथॉनसोबत युनिटटेस्ट नावाचं साधन आयतंच येतं. पास झालेल्या टेस्टसाठी ते एक टिंब छापतं. नापास टेस्टसाठी इंग्रजी एफ, आणि त्याखाली १८ आणि २० जुळत नसल्याची नोंद.

इथे नवशिक्यांची एक सवय आडवी येते. फंक्शन उत्तर परत देण्याऐवजी ते आतूनच प्रिंट करतं. पडद्यावर सगळं छान दिसतं, पण टेस्टच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून ‘फंक्शनने हिशोब करावा, छापायचं काम बाहेर ठेवावं’ ही शिस्त टेस्ट लिहितानाच खऱ्या अर्थाने पटते.

झूनचाच लूप सरावाला घेतला तर आकडे टोकाचे निवडावेत. १, ३६५ आणि ३६६ यांचं उत्तर १९८०. ३६७ आणि ७३१ यांचं १९८१. ७३२ चं १९८२. जुना कोड ३६६ वर आला की ना टिंब येतं ना एफ. पडदा नुसता थबकतो. कंट्रोल आणि सी दाबून त्याला थांबवलं की तो कोणत्या ओळीवर फिरत होता ते दिसतं. दुरुस्तीही सोपी आहे. दिलेल्या वर्षात किती दिवस, एवढंच सांगणारं वेगळं फंक्शन करायचं, आणि उरलेले दिवस त्याहून जास्त असतील तोवरच लूप चालवायचा. अडकवणारी ती दुसरी अट मग उरतच नाही.

पण लीप वर्ष कोणतं, हे ठरवणाऱ्या फंक्शनचीही परीक्षा घ्यायलाच हवी. २०२४ आणि २०२३ पुरेसे नाहीत. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो, म्हणून २००० लीप, १९०० नाही. माजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. त्यांच्या जन्मतारखेचा पुढचा २९ फेब्रुवारी १९०० मध्ये नव्हे, थेट १९०४ मध्ये आला.

एक्सेलला मात्र हे मान्य नाही. कोऱ्या चौकटीत ६० लिहून तिचा फॉरमॅट तारखेचा करावा: कधीही न उगवलेला २९ फेब्रुवारी १९०० तिथे दिसतो. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममध्ये १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, आणि त्याच्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने तीच चूक उचलली. आज ती सुधारायची तर जुन्या तक्त्यांतल्या जवळजवळ सगळ्या तारखा एका दिवसाने सरकतील, म्हणून मायक्रोसॉफ्टने ती तशीच ठेवली आहे.