पाण्यातले मासे मोजायचे कसे?

त्र्यंबकेश्वरच्या एका शाळेत मालवणच्या सागरी अभयारण्याविषयी बोलत होतो. एका मुलाने विचारले, "सर, तिथले मासे वाढले की घटले हे कळते कसे? ते तर एका जागी थांबतच नाहीत!" प्रश्न नेमका होता.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला गाभा तीन चौरस किलोमीटरहून थोडा अधिक. किल्ल्याजवळच्या खडकांवर प्रवाळ आहेत. मासेमारीवर बंधने येणार म्हणून तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला. संरक्षणामुळे मासे वाढतात असे ज्याला म्हणायचे आहे, त्याने ते मोजून दाखवायला हवे, हे उघड आहे.

सगळे मासे मोजणे अशक्य, म्हणून नमुना घेतात. व्हर्नन ब्रॉक यांनी १९५४ साली हवाई बेटांवरील कामातून मांडलेली पद्धत थोड्याफार फरकाने आजही चालते. पाणबुड्या तळावर, समजा, ५० मीटरची फीत अंथरतो आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या अडीच-अडीच मीटरांतले मासे पाटीवर पेन्सिलीने टिपतो. म्हणजे पट्टा झाला २५० चौरस मीटरचा. मागून येऊन पुढे गेलेला मासा धरायचा नाही. नाहीतर एकच तांबोशी चारदा मोजली जाईल. कपारीत दडलेले आणि रात्री बाहेर पडणारे मासे या मोजणीतून सुटतातच.

खरी गंमत पुढे आहे. कुशावर्तात पाण्याखालची पायरी दिसते त्याहून खोल असते, हे त्र्यंबकच्या मुलांना पाय टाकूनच माहीत आहे. कारण प्रकाशाचे अपवर्तन. पाणबुड्याच्या चष्म्याच्या सपाट काचेतूनही असेच होते: वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊण अंतरावर भासते. अडीच मीटरवर 'दिसणारा' मासा प्रत्यक्षात सुमारे ३.३ मीटरवर असतो. पट्टा नकळत पाचाऐवजी पावणेसात मीटर रुंद होतो आणि मासे एक तृतीयांशाने जास्त भरतात.

लांबीचा घोटाळा याहून मोठा. ३० सेंटिमीटरचा गोबरा ४० चा वाटू शकतो. माशाचे वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. चार तृतीयांशचा घन करा: जवळजवळ २.४! डोळ्यांच्या एका चुकीने माशांचे वजन कागदावर दुपटीहून अधिक झाले. म्हणून पाणबुड्यांना आधी ठरावीक लांबीचे लाकडी मासे किंवा नळीचे तुकडे पाण्यात दाखवून सराव देतात.

सरावाने न जाणारी चूकही आहे. जिथे भाल्याने शिकार होते तिथले मासे माणूस दिसताच पळतात; संरक्षित जागेतले जवळ येऊ देतात. मग मासे सारखेच असले तरी अभयारण्यात जास्त मोजले जातील! त्यातच कोकणचे पाणी गढूळ. म्हणून आत आणि बाहेर तुलना करताना खोली, खडक, ऋतू आणि शक्यतो पाणबुडेही तेच ठेवतात. आणि संरक्षणापूर्वीची मोजणी हाताशी असेल तर तिला फार मोल असते.

वर्गात काचेची टाकी असल्यास करून पाहा. मागच्या काचेला टेकवून एक काडी ठेवा, पुढच्या काचेला डोळा लावून मुलांना तिची लांबी सांगायला लावा, मग काडी बाहेर काढून मोजा. कोण किती चुकले ते नावापुढे लिहा. आठवड्याने पुन्हा करा. चूक कमी झाली का, ते वहीत दिसेल.