मार्गनिवड (संगणक जाळे)

मार्गनिवड म्हणजे संगणकांच्या जाळ्यातून माहितीची पाकिटे (पॅकेट) कोणत्या वाटेने पाठवावीत हे ठरविण्याची प्रक्रिया होय. हे काम राउटर नावाचे यंत्र करते. राउटर ‘सर्वोत्तम’ मार्ग निवडतो असे सर्रास म्हटले जाते. परंतु सर्वोत्तम कशाच्या दृष्टीने, हे पद्धतीगणिक बदलते. कमी टप्पे, अधिक वेग आणि कमी खर्च या कसोट्या अनेकदा वेगवेगळ्या वाटा दाखवितात.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वैभववाडीहून कोल्हापूरला जाण्याची नेहमीची वाट करूळ घाटाची. भुईबावडा घाट हा जवळचा पर्याय, तर फोंडाघाटाची वाट लांबची. २०२४ साली रस्त्याच्या कामासाठी करूळ घाट बंद झाला, तेव्हा वाहने इतर घाटांनी वळविण्यात आली. जाळ्यातही असेच घडते. भेद एवढाच की वाहनचालक निघताना सारा रस्ता मनाशी ठरवितो, पाकिटाला मात्र टप्प्याटप्प्यावर वाट दाखविली जाते. प्रत्येक राउटरजवळ मार्गतक्ता असतो. अमुक पत्त्याचे पाकीट कोणत्या शेजाऱ्याकडे सोपवावे, एवढेच तो सांगतो. त्यापुढचा निर्णय पुढचा राउटर घेतो.

पत्ता वाचण्याची रीत

भारतीय टपालाचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला. त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवीही होते, हे येथे नमूद करण्याचा मोह आवरत नाही. वैभववाडीचा पिनकोड ४१६८१० आहे. दूरच्या टपाल केंद्राला त्यातील आरंभीचे अंक पुरतात. पत्र जवळ आल्यावर उरलेले अंक कामी येतात. आयपी पत्त्याच्या बाबतीत राउटर हेच करतो. मार्गतक्त्यातील एकाहून अधिक नोंदी पत्त्याशी जुळल्या, तर ज्या नोंदीचा आरंभीचा भाग सर्वांत लांब जुळतो ती ग्राह्य धरली जाते. दुसरी वाट कितीही सोयीची असली तरी या नियमापुढे तिचे चालत नाही.

२४ फेब्रुवारी २००८ रोजी या नियमाचा फटका साऱ्या जगाला बसला. देशांतर्गत यूट्यूब बंद करण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्यांसाठी अधिक नेमकी नोंद तयार केली. ती चुकून देशाबाहेर पसरली. ठिकठिकाणच्या राउटरांनी नियमाप्रमाणे तीच खरी मानली आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब दिसेनासे झाले.

एकाच संस्थेच्या जाळ्यात

‘रिप’ ही जुनी पद्धत केवळ टप्पे मोजते. प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी आपला तक्ता शेजाऱ्यांना ऐकवितो. म्हणजे सारी माहिती ऐकीव. पंधरापेक्षा अधिक टप्प्यांवरचे ठिकाण अगम्य समजले जाते. ‘ओएसपीएफ’ या पद्धतीत राउटर आपापल्या दुव्यांची माहिती विभागातील सर्वांना कळवितात, त्यामुळे प्रत्येकाजवळ त्या विभागाचा नकाशा तयार होतो. त्यावर डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली लघुतम मार्गाची रीत चालविली जाते. दुव्याचे मूल्य त्याच्या क्षमतेवरून ठरते. रूढ हिशेबात १०० मेगाबिटच्या दुव्याचे मूल्य १, तर १० मेगाबिटच्या दुव्याचे १०. समजा, दोन कार्यालयांमध्ये १० मेगाबिटचा एक थेट दुवा आहे आणि १०० मेगाबिटच्या चार दुव्यांची वळणाची वाटही आहे. रिप थेट दुवा निवडेल, कारण टप्पा एकच. ओएसपीएफ वळणाची वाट धरील, कारण चार हे दहापेक्षा कमी.

मग ज्या वाटेवर गर्दी कमी, तीच वाट का निवडू नये? आंतरजालाची पूर्वज असलेल्या अर्पानेटवर हा प्रयोग झाला होता. १९६९ मधील मूळ रीत राउटरपाशी साचलेल्या पाकिटांची रांग पाहून वाट ठरवीत असे. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यांना अनुभवाने ठाऊक आहे ते तेथेही घडले: महामार्ग तुंबल्याचे कळताच सारे आडवाटेला लागतात, आडवाट तुंबते आणि महामार्ग मोकळा पडतो. वाटा अशा वरचेवर उलटसुलट होऊ लागल्याने १९७९ आणि १९८७ मध्ये रीत बदलावी लागली. आजही राउटर सहसा क्षणाक्षणाची गर्दी पाहून वाट बदलत नाहीत.

निरनिराळ्या संस्थांच्या जाळ्यांमध्ये

येथे ‘बीजीपी’ ही पद्धत चालते आणि येथे अंतराचे महत्त्व मागे पडते. आपल्या ग्राहकाकडून मिळालेला मार्ग कंपनी सहसा प्रथम पसंत करते, कारण त्यावर पैसे मिळतात. मग समकक्ष जाळ्याचा आणि शेवटी ज्याला स्वतः पैसे मोजावे लागतात त्या पुरवठादाराचा. या पसंतीत बरोबरी झाली, तरच वाटेत किती जाळी लागतात हे पाहिले जाते. वैभववाडीतील आणि कोल्हापुरातील ग्राहक वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील आणि त्या कंपन्या केवळ मुंबईत एकमेकींना जोडलेल्या असतील, तर घाटमाथ्यावर पोहोचायला पाकिटाला मुंबईची वारी घडते. एकेकाळी तर देशांतर्गत पाकिटेही परदेशातून फिरून येत. ती देशातच अदलाबदल व्हावीत म्हणून २००३ साली ‘निक्सी’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. मुंबईतही तिचे विनिमय केंद्र आहे.

पर्यायी मार्ग सापडला म्हणजे अडचण सरली असे नव्हे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या दोन केबल तुटल्या, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणारी बरीच वाहतूक पूर्वेकडील केबलमार्गांनी वळली. मार्ग बदलला, पण त्या केबलांची क्षमता वाढली नाही आणि देशभर आंतरजाल मंदावले. लहान गावातील एखाद्या कार्यालयात बाहेर जाणारी केबल एकच असेल, तर तेथील मार्गतक्त्यात बाहेरच्या सर्व पत्त्यांसाठी मिळून एकच नोंद असते. रस्ता खोदताना ती केबल तुटली, की राउटरला निवडण्याजोगे काहीच उरत नाही.