तबकडीवर कोणाचे नाव? बचाता, लावणी आणि सोलापूरचा मुलूख

कुर्डुवाडीहून मिरजेकडे जाणारी रेल्वे मोडनिंब, पंढरपूर, सांगोला अशी स्थानके घेत पुढे कवठेमहांकाळकडे उतरते. बार्शी लाइटची अरुंद रुळांची गाडी जाऊन तिथे ब्रॉडगेज आले, तरी लावणीच्या नकाशावर ही लाइन पूर्वीइतकीच ठळक आहे. मोडनिंबला कला केंद्रे आहेत. पंढरपूर हे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचे जन्मगाव आणि सत्यभामाबाई पंढरपूरकरांच्या बैठकीच्या लावणीचे घर. मिरजेच्या अलीकडे तमासगीर काळू-बाळूंचे कवलापूर. एका बाजूला शाहीर राम जोशींचे सोलापूर, तर दुसऱ्या बाजूला अनेक वर्षे राज्यस्तरीय लावणी स्पर्धा भरवणारे अकलूज. या सगळ्याच्या मधोमध सांगोला आणि माणदेशाच्या जत्रा, म्हणजे तमाशाच्या तंबूला हुकमी प्रेक्षक. गाणाऱ्या माणसांची एवढी दाटी असलेल्या या मुलखाच्या गाण्याला गेल्या साठ-सत्तर वर्षांत मोठी प्रतिष्ठा लाभली. ती प्रतिष्ठा गाणाऱ्यांच्या नावे मात्र फारशी जमा झाली नाही. असे का झाले आणि ते टाळता आले असते का, हे नीट समजून घ्यायचे तर कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन रिपब्लिकमधल्या बचाता या गाण्याचे उदाहरण फार उपयोगी पडते.

त्या देशात हुकूमशहा त्रुहियोची सत्ता तीस वर्षे चालली आणि 1961 मध्ये त्याच्या हत्येने संपली. मेरेंगे हे त्याच्या राजवटीचे मान्यताप्राप्त संगीत होते आणि ध्वनिमुद्रण त्याच्या कुटुंबाच्या मुठीत होते. ती पकड सुटली आणि पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, होसे मानुएल काल्देरोनने गितारीवरची विरहगीते मुद्रित केली. बचाताच्या इतिहासाची सुरुवात तिथून धरतात. खेडी सोडून राजधानीच्या झोपडपट्ट्यांत आलेल्या कष्टकऱ्यांचे हे गाणे. वर सूर धरणारी एक गितार, तिला साथ देणारी दुसरी, बोंगो, आणि गुइरा नावाची भोके पाडलेली पत्र्याची नळी. ही नळी काट्याने खरवडली की जो खरखरीत ठेका निघतो, त्यावर बचाता ओळखू येते. गाणे दारूच्या गुत्त्यांत आणि वेश्यावस्तीत वाजायचे, म्हणून सभ्य घरांत ते ऐकणे कमीपणाचे मानले जाई. बहुतेक नभोवाणी केंद्रे ते लावत नसत. रादामेस आरासेनाचे रेडिओ ग्वाराचिता हा ठळक अपवाद. ते केंद्र गावाकडच्या श्रोत्यांना बचाता ऐकवी आणि तिच्या तबकड्याही काढी.

हा कलंक दोन टप्प्यांत पुसला गेला. माझ्या मांडणीचा आधार या दोन टप्प्यांतला फरक आहे. 1990 मध्ये हुआन लुइस गेरा याचा 'बचाता रोसा' आला. गेरा बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयात शिकलेला आणि शहरी श्रोत्यांचा लाडका. त्याच्या अल्बममध्ये मेरेंगेही भरपूर होते, पण नाव बचाताचे होते. लाखो प्रती खपल्या, 1992 मध्ये ग्रॅमी मिळाले आणि दिवाणखान्यांची दारे बचाताला उघडली. आत मात्र गाणे एकटेच गेले. गुत्त्यांत गितार वाजवून ते घडवणाऱ्या जुन्या मंडळींपैकी कोणाचाही आवाज त्या अल्बमवर नव्हता. दुसरा टप्पा यायला 2019 उजाडावे लागले. डोमिनिकन बाप आणि पोर्तो रिकोची आई असलेला, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये जन्मलेला रोमिओ सांतोस तोवर लॅटिन जगातला अतिशय लोकप्रिय गायक झाला होता. कोणाही पॉप ताऱ्याला सोबत घेऊन अल्बम काढणे त्याला सहज जमले असते. 'उतोपिया' या अल्बमसाठी त्याने निवडले ते बचाताचेच जुने गायक: रौलिन रॉड्रिगेस, अँटनी सांतोस, लुइस व्हार्गास, तेओदोरो रेयेस, फ्रँक रेयेस, जो व्हेरास. एकेका गाण्यात एकेकजण, अल्बमवर प्रत्येकाचे नाव, आणि चाली त्यांच्या गळ्याला शोभतील अशा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियमवर त्याची मैफल झाली. तिथेही ही मंडळी मंचावर आली. डिसेंबरात युनेस्कोने बचाताला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. तो निर्णय या अल्बममुळे झाला असे नव्हे. पण यादी जाहीर झाली तेव्हा हा वारसा कोणाचा, हे तरुण श्रोत्यांना आधीच माहीत झालेले होते.

आता आपल्याकडे पाहू. 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पुढे वगांच्या संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठवली. त्यानंतर लावणीला मध्यमवर्गात आणले ते चित्रपटाने. 1959चा 'सांगत्ये ऐका', 1972चा 'पिंजरा', 2010चा 'नटरंग'. यातल्या लावण्या म्हटल्या की आपल्या तोंडी नावे येतात ती आशा भोसले, उषा मंगेशकर, बेला शेंडे, वसंत पवार, राम कदम, अजय-अतुल यांची. शब्द लिहिणाऱ्यांत आटपाडीकडच्या शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर होते, म्हणजे माणदेशाचीच बोली पडद्यावर गेली. ही गाणी थोर आहेत आणि त्यांच्या कर्त्यांचे श्रेय त्यांचेच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण लावणीला 'बचाता रोसा' एकदा नव्हे, तीन-चार वेळा मिळाला. जिच्या नावावर लोक तिकीट काढतात अशा गायिकेने मोडनिंबच्या, चौफुल्याच्या किंवा जामखेडच्या संगीतबारीतल्या बायांना शेजारी बसवून, त्यांची नावे आपल्या नावाच्या बरोबरीने छापून काढलेला, घरोघर वाजलेला अल्बम, म्हणजे लावणीचा 'उतोपिया', मराठीत झालेला नाही. माझे म्हणणे एवढेच की लावणीच्या प्रतिष्ठेत राहिलेली उणीव हीच आहे. सरकारी महोत्सव आणि पुरस्कार ती भरून काढू शकत नाहीत.

यावर पहिला आक्षेप पुरस्कारांचाच येईल. सुलोचना चव्हाणांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली, हे खरे. पण त्या गिरगावात वाढलेल्या पार्श्वगायिका होत्या. डोक्यावर पदर घेऊन, एका जागी उभ्या राहून गाणाऱ्या सुलोचनाबाईंनी लावणी माजघरात नेली, ती फडापासून वेगळी काढून. फडातून आलेल्या यमुनाबाई वाईकरांनाही पद्मश्री मिळाली, पण 2012 मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यावर. राष्ट्रपतींच्या हातून गौरवल्या गेलेल्या विठाबाईंच्या शेवटच्या आजारपणाचा खर्च देणगीदारांनी उचलला. मानपत्राने वर्षाकाठी पैसे येत नाहीत. ध्वनिमुद्रण मात्र वाजत राहते, तोवर कमावते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. लावणी पाहायची असते, ती अल्बममध्ये मावणार कशी? बैठकीच्या लावणीकडे नीट लक्ष दिले तर याचे उत्तर तिथेच मिळते. बाई मांडी घालून बसलेली असते, पेटी आणि तबला हलक्या हाताने चालू असतो, आणि ती एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते. एकदा विनवणी, एकदा रुसवा, पुढच्या खेपेला सरळ आव्हान. शब्द तेच, पण कुठे श्वास तोडायचा, कुठल्या अक्षरावर हेलकावा द्यायचा, ढोलकीला कधी उचलू द्यायचे, यावर अर्थ फिरतो. हाताची आणि डोळ्यांची अदा अल्बममध्ये येणार नाही, हे कबूल. आवाजातली अदा मात्र पूर्ण येते, आणि तीच शिकायला सर्वांत अवघड. भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांच्या 'संगीतबारी' या प्रयोगाने शकुंतलाबाई नगरकर, मोहनाबाई म्हाळंग्रेकर यांना त्यांच्या नावानिशी शहरी रंगमंचावर बसवले. प्रेक्षक ऐकायला तयार आहेत, हे त्या प्रयोगाने सिद्धच केले आहे.

तिसरा मुद्दा जातीचा, आणि तिथे माझी तुलना तोकडी पडते. बचाताला कलंक होता तो गरिबीचा, खेडवळपणाचा आणि बऱ्याच अंशी वर्णाचा. लावणीचे ओझे कोल्हाटी, डोंबारी, मांग, महार समाजांच्या बायांच्या अंगावर जन्मापासून आहे. करमाळा तालुक्यातल्या नेरल्याच्या किशोर शांताबाई काळे यांनी 1994 साली 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये जे लिहिले, ते वाचल्यावर नुसत्या प्रसिद्धीने काही बदलेल असे म्हणवत नाही. पुढच्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांवरच्या शोधनिबंधात दाखवले की वरच्या वर्गांनी लावणी उचलली ती तिला घडवणाऱ्या बायांची लैंगिकता आपल्या सोयीने वापरून. योगायोग असा की डेबोरा पासिनी एर्नान्देस यांचा बचाताचा सामाजिक इतिहासही 1995चाच. आणखी एक अडचण आहे. अनेक जणींना आपले नाव बाहेर यायला नको असते, कारण मुले दुसऱ्या गावी शिकत असतात आणि शाळेत आईचा व्यवसाय सांगितलेला नसतो. म्हणून नाव छापायचे की नाही, हे त्या बाईने ठरवायचे. आजवर ते तिला न विचारताच ठरले.

आणि नाव छापण्याला आता कायद्याचे पाठबळ आहे, हे सांगोल्या-मोडनिंबकडे फार थोड्यांना ठाऊक असेल. 2012 मध्ये भारतीय प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार आपल्या सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर सादरकर्त्याला स्वामित्वधनाचा वाटा मिळण्याचा हक्क आहे, आणि सादरकर्ता म्हणून आपली ओळख नोंदवली जावी अशी मागणी करण्याचाही. पारंपरिक लावणीचे शब्द आणि चाल कोणाच्याही मालकीची नसते, पण ती ज्या गळ्याने गायली त्या गळ्याचा वाटा कायद्याने त्या गळ्याचाच. ढोलकीवाल्याच्या हाताचाही तसाच. त्यासाठी मुद्रणाआधी लेखी करार हवा, त्यात पेटीवाला, तबलजी, ढोलकीपटू आणि मागे झील धरणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांची नावे हवीत, आणि करार मराठीत वाचून दाखवलेला हवा. मोठ्या गायिकेचे नाव मुखपृष्ठावर असले की कंपनीला अशा अटी मान्य कराव्या लागतात. रोमिओ सांतोसकडे ती ताकद होती आणि ती त्याने आपल्या वडीलधाऱ्यांसाठी वापरली. मराठीत आज ती ताकद असलेल्या चार-पाच गायिका आहेत. त्यांपैकी एकीने मोडनिंबच्या कला केंद्रात दुपारी, बारी सुरू होण्याआधी, जाऊन बसावे आणि तिथल्या बायांना विचारावे की कोणती लावणी मुद्रित करायची आणि तिच्यावर कोणाकोणाचे नाव घालायचे.