विशेषणाचा शिष्टाचार

वडील माणसें उभीं असतां धाकट्यांनीं बसूं नये, हा जसा घरचा शिष्टाचार, तसा एक शिष्टाचार भाषेंतही आहे. नाम ज्या लिंगाचें व ज्या वचनाचें असेल, त्याच लिंगवचनाचा वेष विशेषणानें धारण करावा, हा तो शिष्टाचार होय. शाळेंत हा विषय रुक्ष म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु त्याचा संबंध परीक्षेपेक्षां घराशींच अधिक आहे, हें दाखविण्याचा येथें विचार आहे.

उदाहरण आमच्या छत्रपती संभाजीनगरचेंच घेऊं. येथें जुना दरवाजा आहे, जुनी पाणचक्की आहे, आणि मकबऱ्याच्या आवारांत जुनें कारंजेंही आहे. अनेकवचनीं तेच जुने दरवाजे, जुन्या चक्क्या व जुनीं कारंजीं होतात. एकाच विशेषणाचीं हीं सहा रूपें झालीं. नामास विभक्तीचा प्रत्यय लागला कीं मात्र हा सारा भेद मावळतो: जुन्या दरवाज्यास, जुन्या चक्कीस, जुन्या कारंज्यास. आणि ‘लाल’, ‘सुंदर’, ‘कठीण’ हीं विशेषणें तर कोणाच्याही पंक्तीस बसलीं तरी आपला वेष बदलीत नाहींत. पहिलीं तीं विकारी, दुसरीं अविकारी.

संस्कृतांत हा नियम याहून कडक. तेथें विशेषण लिंग, वचन व विभक्ति या तिन्हींत विशेष्यास अनुसरतें, आणि वचनेंही दोन नव्हत, तीन. शिवाय लिंग हें वस्तूचें नसून शब्दाचें असतें, हें सत्य संस्कृताइतकें स्पष्ट क्वचितच दिसेल. पत्नी या एकाच अर्थीं ‘भार्या’ स्त्रीलिंगी, ‘कलत्र’ नपुंसकलिंगी, आणि ‘दार’ हा शब्द पुल्लिंगी असून नित्य बहुवचनी! गृहिणी एकच, शब्दाप्रमाणें विशेषणाचा वेष मात्र तीन तऱ्हांचा.

आतां दूरच्या एका भाषेकडे दृष्टि टाकूं. स्पॅनिश भाषेंत ‘लिब्रो’ म्हणजे पुस्तक हें पुल्लिंगी, ‘कासा’ म्हणजे घर हें स्त्रीलिंगी. पांढरें पुस्तक तें ‘लिब्रो ब्लांको’, पांढरें घर तें ‘कासा ब्लांका’. अनेकवचनीं ‘लिब्रोस ब्लांकोस’ व ‘कासास ब्लांकास’. विशेषण बहुधा नामाच्या मागून चालतें, पण आज्ञा तीच. ‘ग्रांदे’ म्हणजे मोठा, हें विशेषण लिंग मानीत नाहीं, वचन मात्र मानतें. अनेकवचनीं त्याचें ‘ग्रांदेस’ होतें. या भाषेचें व्याकरण अंतोनिओ दे नेब्रिखा यानें १४९२ सालीं प्रसिद्ध केलें. आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं निघालें, आणि मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा बृहद्ग्रंथ १९११ सालीं.

स्पॅनिशची सख्खी बहीण पोर्तुगीज. तिच्याकडून आलेले शब्द आपल्या स्वयंपाकघरांत नित्य वावरतात. तिची स्त्रीलिंगी ‘बताता’ आपल्याकडे आली, आणि आकारान्त म्हणून आपण तिला ‘बटाटा’ करून पुरुषांत बसविलें. उलट तिचा पुल्लिंगी ‘बाल्दे’ आपल्याकडे येऊन ‘बादली’ झाला. पाहुणा कोठूनही येवो, त्याचें आसन यजमानीण भाषाच ठरविते.

आमच्या मराठवाड्यास याचा अनुभव विशेष आहे. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत येईपर्यंत येथील राजभाषा उर्दू होती. उर्दूंत लिंगें दोनच. तिच्यांत ‘दुकान’ स्त्रीलिंगी, आपल्यांत नपुंसकलिंगी. तिच्यांत ‘आवाज’ स्त्रीलिंगी, आपल्यांत पुल्लिंगी. तिच्यांत ‘बाग’ पुल्लिंगी, आपल्यांत बहुधा स्त्रीलिंगी. ‘ताजा’ हें विशेषण शुद्ध उर्दूंत अविकारी आहे. पण मराठीनें त्यास आपला शिष्टाचार शिकविला, आणि तें ताजा मासा, ताजी भाजी, ताजें दूध असें विनयानें वागूं लागलें. राजभाषा दुसरी असतांही येथील घरांतून मराठीचें तिसरें लिंग ढळलें नाहीं. हें कार्य शाळेनें केलें नाहीं. आजीनें व आईनें केलें.

आणि हें तिसरें लिंग केवळ निर्जीवांचें आहे, अशी समजूत कोणीं करून घेऊं नये. मूल, लेकरूं, वासरूं, कोकरूं, पाखरूं हीं सारीं नपुंसकलिंगी. ज्यांना उराशीं धरावें अशीं. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. स्पॅनिशमध्यें ‘पाद्रे’ म्हणजे बाप, आणि ‘पाद्रेस’ म्हणजे आईबाप; संस्कृतांतही ‘पितरौ’ म्हणजे माता व पिता. स्त्रीपुरुष एकत्र आले कीं तेथें पुल्लिंगाचा वरचष्मा. मराठीची रीत निराळी. दोन पुरुष असतील तर ‘दोघे आले’, दोन स्त्रिया असतील तर ‘दोघी आल्या’, पण भाऊ व बहीण असतील तर ‘दोघें आलीं’. ‘आईवडील आले’ असा आदरार्थीं प्रयोग रूढ आहे खरा. तथापि नवराबायको ‘आलीं’ असेंच आपण म्हणतों. दोहोंपैकीं कोणालाही दुसऱ्याच्या नांवाखालीं न झांकतां दोघांस सामावून घेणारें हें तिसरें आसन मराठीनें राखून ठेविलें आहे.

तें आसन अढळ आहे काय? इतिहास तसें सांगत नाहीं. लॅटिनमध्यें तीन लिंगें होतीं. तिच्या कन्येंत, स्पॅनिशमध्यें, नामांचें नपुंसकलिंग लोपलें. संस्कृतांत तीन होतीं. हिंदींत दोन उरलीं. मराठी, कोंकणी व गुजराथी यांनीं तें जतन केलें. म्हणजे तें जाऊं शकतें, आणि गेलेलें परत येत नाहीं.

लेखनांत तर त्याची एक खूण गेलीच आहे. १९६२ च्या नव्या लेखननियमांनीं शब्दान्तींचे न उच्चारले जाणारे अनुस्वार वगळण्यांत आले. त्यायोगें लिहिणें सुलभ झालें, हें मान्य केलें पाहिजे. पण ‘जुनें कारंजें’ व ‘जुने दरवाजे’ यांतील, तसेंच ‘जुनी चक्की’ व ‘जुनीं कारंजीं’ यांतील विशेषणांचा भेद डोळ्यांस दिसेनासा झाला. सहा रूपांचीं चार राहिलीं. ‘दोघे’ व ‘दोघें’ कागदावर एकच झाले. प्रस्तुत लेख जुन्या वळणानें लिहिला आहे तो याच कारणास्तव. बोलण्यांत मात्र ‘जुनं’ आणि ‘जुने’ हा भेद अद्याप जिवंत आहे.

आतां भिस्त आहे ती या बोलण्यावरच. आज मुलें इंग्रजी शाळेंत जातात. इंग्रजीचें विशेषण कोणाच्याच आज्ञेंत नसतें. बाहेर तीं हिंदी बोलतात. तेथें लिंगें दोन. मग घरीं येऊन मूल ‘ती दुकान बंद होती’ म्हणतें, यांत नवल नाहीं. परदेशीं वाढणाऱ्या नातवंडांची अडचण याहून मोठी. त्यांच्या कानांवर मराठी पडते ती आईबापांच्या तोंडची तेवढीच.

अशा वेळीं मुलास हसूं नये, आणि नियमही पाठ करवूं नये. हसलेलें मूल त्या भाषेंत बोलण्याचेंच टाळूं लागतें. मुलानें ‘ती दुकान’ म्हटलें, तर आपण सहज म्हणावें, ‘होय का? तें दुकान आज बंद होतें का?’ एवढें पुरे. दिवसांतून दहा वेळां योग्य रूप कानीं पडलें कीं जीभ आपोआप वळते. जेवतांना ‘आंबट ताक’ न म्हणतां ‘ताजें ताक’ म्हणावें, कारण अविकारी विशेषणानें कान तयार होत नाहीं. झोंपतांना गोष्ट सांगावी ती पांढऱ्या शुभ्र सशाबरोबरच एखाद्या गोजिरवाण्या कोकराचीही. व्याकरणकारांनीं नियम नोंदून ठेविले. पण ते नियम नांदते ठेवणें हें घराचेंच काम. तें काम थांबलें, तर पुढच्या पिढीला ‘माझें लेकरूं’ हे दोन शब्द ग्रंथांतच वाचावे लागतील.